कच्चे कैदी, पक्का हिशेब

ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही अशा बंदिवानाला मराठीत ‘कच्चा कैदी’ म्हणतात आणि ज्याला शिक्षा झाली आहे त्याला ‘पक्का’. शासकीय कागदांत ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’ असे भारदस्त शब्द आहेत. परंतु कारागृहाच्या दारात, वकिलांच्या टेबलापाशी आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत चालतात ते कच्चा आणि पक्का हेच. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दापाशी क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. कच्चा खर्डा, कच्ची पावती, कच्चा रस्ता या सर्व प्रयोगांत एक गृहीत असते, की ही अवस्था तात्पुरती आहे आणि लवकरच काहीतरी पक्के होईल. मुलांच्या खेळात मात्र ‘कच्चा लिंबू’ असतो. तो खेळात असतो, धावतो, दमतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचे बाद होणे कोणी धरत नाही. आपल्या न्यायव्यवस्थेतील कच्चा कैदी या दुसऱ्या अर्थाने कच्चा झाला आहे. तो आहे, परंतु हिशेबात नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या कारागृह आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. ज्या घरात चारांपैकी तीन माणसे तात्पुरती राहतात त्या घराला आपण धर्मशाळा म्हणू. तुरुंगाला आपण तुरुंगच म्हणतो.

हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर भूगोलाचे आहे. आम्ही पनवेलला राहतो आणि येथेच शिकवतो. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले आणि २०१६ साली महानगरपालिका झालेले हे गाव आज विमानतळासाठी ओळखले जाते. त्यापूर्वी ते कोकणात जाणाऱ्या एस.टी.च्या थांब्यासाठी आणि कर्नाळ्याच्या पाखरांसाठी ओळखले जात असे. याच तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. त्याची अधिकृत क्षमता २,१२४ बंद्यांची. आत प्रत्यक्षात असणारी माणसे त्याहून बरीच अधिक, असे न्यायालयांपुढे वारंवार आले आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात जागा पुरत नाही म्हणून मुंबईच्या खटल्यांतील अनेक कच्चे कैदी येथे ठेवले जातात. म्हणजे खटला एका शहरात आणि आरोपी चाळीसएक किलोमीटर दूर दुसऱ्या गावात. मध्ये रस्ता, रस्त्यावर पोलिसांची गाडी, आणि गाडी असेल तर तीत बसायला शिपाई. येथून आमचा विषय सुरू होतो.

प्रथम सरकारची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पैसा खरोखरच कमी आहे. विधी आयोगाने १९८७ सालच्या आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत असे सुचवले होते. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ या २०२५ सालच्या अहवालात तो आकडा सुमारे १५ आहे. त्याच अहवालाप्रमाणे गरिबांच्या विधी साहाय्यावर देशात दरडोई, दरसाल सुमारे साडेसहा रुपये खर्च होतात. पनवेलच्या स्थानकाबाहेर एवढ्यात वडापाव येत नाही. पोलीस दलात जागा रिक्त, कारागृहात रक्षक अपुरे, न्यायालयात लघुलेखक नाही. शाळा, दवाखाने, पाणी आणि कर्जावरील व्याज यांच्या रांगेत पोलीस आणि न्याय हे दोघेही ताटकळत उभे असतात. तेव्हा काटकसर करू नका असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

आमचा प्रश्न निराळा आहे. सरकारने वाचवलेला पैसा जातो कोठे? घरातील काटकसरीची रीत आपल्याला ठाऊक आहे. आई स्वतःच्या ताटात भाकरी कमी वाढून घेते, तेव्हा वाचलेली भाकरी मुलाच्या ताटात दिसते आणि आईची भूक कोठेच दिसत नाही. सार्वजनिक काटकसरीतही कोणाची तरी भूक अशीच अदृश्य असते. फरक इतकाच, की आई स्वतः ठरवते. येथे दुसरे ठरवतात.

शिपाई उपलब्ध नाहीत म्हणून कैदी तारखेला न्यायालयात पोचत नाही. कैदी नाही म्हणून साक्ष होत नाही, आणि साक्ष झाली नाही म्हणून पुढची तारीख पडते. सरकारच्या वहीत त्या दिवशी गाडीचे डिझेल आणि चार शिपायांचा भत्ता वाचलेला असतो. कैद्याच्या आयुष्यातून महिना, दीड महिना खर्ची पडलेला असतो, आणि तो खर्च कोणत्याही वहीत नाही. मराठीत तारीख ‘पडते’ हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, तशी तारीख पडते. कर्ता नाही; म्हणून जबाबदारही कोणी नाही.

दुसरा खर्च कुटुंबाचा. साहित्याच्या जगात ‘मुलाखत’ म्हणजे लेखकाशी केलेला संवाद. तळोजाच्या रस्त्यावर मुलाखत म्हणजे जाळीपलीकडच्या नवऱ्याशी किंवा मुलाशी मिळणारी काही मिनिटे. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवायची, लहान मूल शेजारणीकडे ठेवायचे, रिक्षा करायची, ओळखपत्र दाखवायचे, नंबर लावायचा. आतल्याला कॅन्टीनमधून साबण-बिस्किटे घेता यावीत म्हणून मनीऑर्डर करायची ती वेगळीच. आरोप एकावर असतो. वर्गणी सर्व घर भरते. आणि जामीन मंजूर झाला तरी हमीदार हवा, हमीदाराला ऐपतीचा दाखला हवा. ज्याच्या ओळखीपाळखीत ऐपत असलेला कोणी नाही, तो जामीन मिळूनही आतच राहतो. कायद्याच्या दृष्टीने तो सुटलेला असतो आणि कुलपाच्या दृष्टीने अडकलेला.

तिसरा खर्च पोलिसांचा, आणि तो सांगितल्यावाचून हे लेखन एकांगी होईल. आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिचे वडील हवालदार. कैद्यांना कारागृहातून न्यायालयात ने-आण करण्याच्या कामावर त्यांची वारंवार नेमणूक होई. तुरुंगातील लेखन हा विषय चालू असता ती एकदा म्हणाली, “सर, कैद्याला निदान तारीख माहीत असते. बाबांना घरी कधी येणार ते माहीत नसतं.” वर्ग हसला, तीही हसली, पण त्या वाक्यात पोलीस सुधारणेचा एक अख्खा अध्याय होता. माणसे कमी आहेत, म्हणून असलेल्यांनी बारा-चौदा तास राबायचे, आणि त्या शिणलेल्या माणसाकडून आपण सौजन्याची अपेक्षा ठेवायची. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. ती योजना एका पोलीस शिपायानेच मांडली होती, आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. नवी भरती होण्याची वाट न पाहता आहे त्या मनुष्यबळाची फेरमांडणी करण्यावर तिचा भर होता. काटकसरीतही सुधारणा शक्य असते आणि ती कधीकधी दलातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला आधी सुचते, असे त्यातून दिसले.

चौथा खर्च फिर्यादीचा. कच्च्या कैद्याविषयी बोलणाऱ्यांना पीडितांचा विसर पडतो, हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पनवेलच्या सत्र न्यायालयात चाललेला अश्विनी बिद्रे यांच्या हत्येचा खटला यासाठी आठवावा. त्या स्वतः साहाय्यक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. खुनाबद्दल एका वरिष्ठ पोलीस निरीक्षकाला जन्मठेप झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. मधली नऊ वर्षे माहेरच्या आणि सासरच्या माणसांनी अर्ज, तक्रारी आणि न्यायालयाच्या पायऱ्या यांत घालवली. तपासाची चक्रे सुरुवातीला किती सावकाश फिरली याची चर्चा तेव्हापासून होत आली आहे. त्या बेपत्ता असतानाच, २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी, पुढे दोषी ठरलेल्या त्या अधिकाऱ्याला राष्ट्रपती पदक जाहीर झाले होते. पोलीस खात्यातील स्त्रीच्या कुटुंबाला खात्याकडून न्याय मिळवण्यासाठी एवढे चालावे लागले, तर खात्याबाहेरच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. विलंब आरोपी आणि फिर्यादी असा भेद करत नाही. ज्याच्याजवळ थांबण्याची ताकद कमी, त्याच्याकडून तो अधिक वसुली करतो.

येथवर आमचे म्हणणे असे, की पैशाची टंचाई खरी आहे आणि तिचा भार दुर्बलांच्या वेळेवर टाकला जातो. परंतु तळोजाच्याच अलीकडच्या इतिहासात असे प्रसंग आहेत की ज्यांत पैशाचा प्रश्नच नव्हता. ते भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणातील आरोपींचे आहेत. त्या खटल्याच्या गुणदोषांत आम्हांला येथे शिरायचे नाही. कोणत्याही कैद्याच्या बाबतीत ते घडले असते तरी आमचे म्हणणे हेच राहिले असते.

कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे पेला धरता न येणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या फादर स्टॅन स्वामी यांनी २०२० च्या नोव्हेंबरात नळी आणि नळीचा पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला. त्यावर तपास यंत्रणेचे म्हणणे मागवले गेले, पुढची तारीख दिली गेली. पेल्याची किंमत शे-दोनशे रुपये. त्यावर खर्च झालेला न्यायालयाचा वेळ अनेक पटींनी महाग. ५ जुलै २०२१ रोजी, कच्चे कैदी म्हणूनच, मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास गौतम नवलखा यांचा चष्मा कारागृहात चोरीस गेला. घरच्यांनी टपालाने पाठवलेला नवा चष्मा स्वीकारला गेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली आणि कारागृह अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची वेळ आली आहे असे म्हणावे लागले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयापुढे असे मांडण्यात आले, की नवलखा यांना घरून आलेले पी. जी. वुडहाउस यांचे पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारले गेले. न्यायमूर्तींना हा प्रकार हास्यास्पद वाटला, आणि वुडहाउस हे पु. ल. देशपांडे यांचे प्रेरणास्थान होते याची त्यांनी आठवण करून दिली. साहित्याच्या शिक्षकांनी हा प्रसंग जपून ठेवावा. विनोदी लेखकाची प्रतिष्ठा सिद्ध करण्याचे काम समीक्षकांनी फारसे केले नाही; ते एका कारागृहाच्या नकारातून झाले.

या कथेचा उत्तरार्ध हिशेबाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवलखा यांना प्रकृतीच्या कारणास्तव घरात नजरकैदेत ठेवण्यास परवानगी दिली. पहाऱ्याच्या खर्चापोटी २ लाख ४० हजार रुपये त्यांनीच भरायचे होते. नवी मुंबईतील ज्या इमारतीत ते राहिले तिच्यात एक वाचनालय होते. पुस्तक नाकारलेला कैदी वाचनालयाच्या घरात बंदिस्त झाला! २०२४ मध्ये तपास यंत्रणेने पहाऱ्याचा खर्च १ कोटी ६४ लाख रुपये सांगितला. त्याच वर्षी मे महिन्यात जामिनावरील स्थगिती उठवताना सर्वोच्च न्यायालयाने २० लाख रुपये भरण्यास सांगितले. ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाही त्याने आपल्यावरच्या पहाऱ्याचे बिल द्यायचे, हा काटकसरीचा शेवटचा टप्पा म्हणायचा. ते बिल निदान कागदावर आले. एरवी प्रत्येक कच्चा कैदी असेच बिल वर्षांच्या चलनात भरत असतो.

पेला, चष्मा आणि पुस्तक या तिन्हींना तिजोरीतून एक पैसा लागत नव्हता. म्हणून आम्ही असे समजतो, की टंचाई दोन प्रकारची आहे: एक द्रव्याची, दुसरी लक्ष देण्याची. पहिली खरी आहे, आणि दुसरी तिच्या पदराआड लपते.

तुरुंग आणि मराठी वाङ्मय यांचे नाते आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात. परकीय सरकारच्या कैदेत टिळकांना ग्रंथ मिळत होते, याचा विसर पडू नये. परंतु या परंपरेने आपल्या मनावर एक पडदाही टाकला आहे. तुरुंग म्हणजे थोरांची तपोभूमी, अशी आपली समजूत झाली. मोबाइल चोरल्याच्या आरोपावरून दोन वर्षे तारखा मोजणारा विशीतला मुलगा कोणतेही रहस्य लिहून बाहेर येत नाही. तो बेकार होऊन बाहेर येतो. त्याचे चित्रण आपल्या वाङ्मयात फारच थोडे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ सालच्या चित्रपटाने ते काम काही अंशी केले. त्यातील लोकशाहीर तुरुंगात असतो आणि न्यायालय उन्हाळी सुटीसाठी बंद होते. तेथे खलनायक कोणीच नाही. वकील, सरकारी वकील, न्यायाधीश सारे आपापले घर सांभाळणारी साधी माणसे. अन्याय कोणीही करत नाही आणि तरी तो होतो, कारण कैद्याचा वेळ हा कोणाच्याच खर्चाचा भाग नाही.

मग उपाय काय? येथे इतिहासातील दोन साले जवळजवळ ठेवावीत. पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८७९ साली त्यांच्यावर पुण्यात खटला चालला तेव्हा बचावासाठी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, उभे राहिले. राजद्रोहाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे हे त्या काळी व्यक्तीच्या धैर्यावर अवलंबून होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ साली, हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या संदर्भात सांगितले, की जलद न्याय हा मूलभूत हक्क आहे आणि पुरेसा पैसा नाही ही सबब सांगून राज्याला तो नाकारता येणार नाही. शंभर वर्षांत धैर्याचे रूपांतर हक्कात झाले. हक्काचे रूपांतर सवयीत व्हायचे आहे.

त्या सवयीला लागणारी साधने बरीचशी तयार आहेत आणि महागही नाहीत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेशकुमार खटल्यात सांगितले. न केलेल्या अटकेइतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे पाठवावा आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, हे २०२३ चे निर्देश. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी साहाय्य देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याची सुटका व्हावी, आणि तसा अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे. या सर्वांना लागते ती एक अद्ययावत यादी आणि ती दर महिन्याला वाचणारा माणूस.

दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणी, हाही काटकसरीचा आवडता मार्ग आहे. गाडी वाचते, शिपाई वाचतात, आणि निव्वळ पुढची तारीख घेण्यासाठी कैद्याला दिवसभर गाडीत कोंबून नेण्यापेक्षा ते बरेच आहे. मात्र पहिल्या कोठडीची आणि साक्षीपुराव्याची सुनावणी पडद्यावर नेताना सावध राहावे. न्यायाधीशासमोर उभा असलेला माणूस पाठीवरचा वळ दाखवू शकतो, वकिलाच्या कानात दोन शब्द सांगू शकतो, गर्दीत आईचा चेहरा शोधू शकतो. पडद्यावरच्या चौकटीत यांतले काही मावत नाही, आणि चौकटीबाहेर कोण उभे आहे ते न्यायाधीशांना दिसत नाही.

आमची सूचना अगदी कारकुनी आहे. न्यायालयाच्या आणि कारागृहाच्या मासिक तक्त्यात एक रकाना वाढवावा: शिपाई नाही, गाडी नाही, साक्षीदार नाही, हमीदार नाही, या कारणांनी या महिन्यात एकूण किती माणसांचे किती दिवस गेले. तो आकडा न्यायालयाच्या फलकावर लावावा आणि अर्थसंकल्पाच्या वेळी विधिमंडळात वाचावा. मग काटकसर खुशाल करावी. कोणाच्या जिवावर ती होते ते सर्वांना दिसत असेल. साहित्याच्या माणसांनी या रकान्याचा आग्रह धरावा, कारण जे मोजले जात नाही त्याला शब्द देणे हे आपलेच काम आहे. ‘कच्चा’ हा शब्द भाषेने तात्पुरत्या अवस्थेसाठी घडवला होता. तो पुन्हा तात्पुरता करणे ही न्यायाचीच काय, भाषेचीही मागणी आहे.